एक टाप हलकी

गुरुवारी सकाळी सहा-सव्वासहाला मला पहिल्यांदा तो आवाज आला, म्हणजे आवाज कसला, आवाजातली खोट. तबेल्यातून मैदानाकडे जाताना मध्ये पंधरा-वीस पावलांचा काँक्रीटचा पट्टा लागतो, तिथं तबेल्यातले मामा आमच्या घोडीला, काजलला, रोज थोडी दुडकी पळवत नेतात आणि मी बाजूच्या कठड्यावर बसून थर्मासमधला चहा पीत असते. दुडकीत घोड्याचे तिरपे दोन-दोन पाय एकदम पडतात, त्यामुळे पाय चार असले तरी कानाला ठोके दोनच, ठप ठप ठप ठप, शिलाई मशीन चालल्यासारखे एकसारखे. त्या दिवशी ते ठप्प-ठप, ठप्प-ठप असं काहीतरी ऐकू आलं. मी चहा खाली ठेवला आणि म्हटलं, मामा, परत आणा बघू. परत आणली तर काही नाही, घोडी अगदी सरळ. अजून एकदा आणली तर वाटलं आहे, मग वाटलं नाही, मग वाटलं मीच रात्री नीट झोपले नाहीये. मामा तीस वर्षं घोड्यांत आहेत, त्यांनी लगाम या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "रातभर उभी ऱ्हाऊन आखडली असंल ताई, जरा मोकळी झाली की जातंय." आणि खरंच, दहा मिनिटं चालवल्यावर गेलंच. मी ऑफिसला गेले.

पण तिथून पुढचे चार दिवस माझ्या कानात घोडी लंगडत होती.

काजल काही माझी एकटीची नाही, आम्ही दोघी मैत्रिणींनी मिळून घेतलीय, सासवड रोडच्या एका छोट्या तबेल्यात ठेवलीय, वय तेरा, स्वभाव सासूबाईंसारखा, म्हणजे जे खटकतं ते तोंडावर सांगत नाही. हा घोड्यांचा मोठाच प्रॉब्लेम आहे. कुत्र्याचा पाय दुखला तर ते पाय वर धरून तुमच्याकडे बघत केकाटतं, सगळ्या सोसायटीला कळतं. घोडा तसा नाही. ज्याला वाघ-लांडगे खायला बसलेत त्यानं आपलं दुखणं जाहीर करून चालत नाही, हे त्याच्या रक्तातच आहे, त्यामुळे थोडं दुखत असेल तर तो ते चारी पायांत असं काही वाटून टाकतो की बघणाऱ्यानं स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घ्यावी. अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं यासाठी शून्य ते पाच अशी मोजपट्टी केलीय. शून्य म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे पाय टेकतच नाही, आणि एक म्हणजे काय, तर दिसायला अवघड आणि कधी दिसतं कधी दिसत नाही. वाचून मला हसूच आलं, की बाई मग ते एक आहे का शून्य हे ठरवायचं कुणी? नंतर कळलं की अनुभवी डॉक्टरांना एकच घोडा दाखवला तरी हलक्या लंगडण्याबाबत त्यांचं एकमत होत नाही, यावर रीतसर संशोधन झालंय. ते वाचून जरा बरं वाटलं, पण घोडीचा पाय काही त्यानं बरा होत नव्हता.

घोडी तीन पायांवर उभी असती तर प्रश्नच नव्हता, हात आपोआप फोनकडे गेला असता. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावून ठेवलंय की पाय टेकत नसेल, पायाला सूज असून अंगात ताप असेल, सांध्याजवळ जखम असेल, तर वाट बघायची नाही. पुढचे दोन्ही पाय पुढं टाकून सगळा भार मागं घेऊन उभी असेल आणि खुरं गरम लागत असतील तर रात्रीचे दोन वाजले तरी उठवा मला. टापेच्या तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर उपटू नका, तसाच राहू दे, तो कुठल्या दिशेनं आणि किती आत गेलाय ते मला बघायचंय. हे सगळं मला पाठ आहे. पण यातलं काहीच नसेल तर? घोडी खातेय, चंदीचं घमेलं चाटूनपुसून साफ करतेय, लीद नेहमीसारखी, मला बघून कान पुढं करतेय, फक्त वीस ठोक्यांमागं एक ठोका जरा हलका पडतोय. तर डॉक्टरांना बोलवायचं का? आणि बोलावून सांगायचं काय, "डॉक्टर, आवाज बरोबर येत नाहीये"? टीव्ही रिपेअरवाल्याला सांगतात तसं?

शिवाय मला एक लाज होती, तीही सांगून टाकते. गेल्या पावसाळ्यात काजल अशीच अचानक लंगडायला लागली, रात्रीचे साडेनऊ, बाहेर धो धो पाऊस, मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते बिचारे हडपसरच्या ट्रॅफिकमधून दीड तासानं पोचले, रेनकोट न काढताच वाकले, तिचा पाय उचलला, खूर साफ करायचा हुक फिरवला, आणि टापेच्या मधल्या त्या मऊ त्रिकोणाच्या खाचेतून टुणकन एक खडा बाहेर पडला. सुपारीएवढा. घोडी सरळ चालायला लागली. मी रोज खूर साफ करते, त्या दिवशी पावसामुळे केलं नव्हतं. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त तो खडा धुऊन माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ठेवा, अडीच हजारांचा आहे." तो अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. माझा नवरा पाहुण्यांना तो दाखवतो.

तर तो खडा माझ्या आड येत होता. या वेळेस मी खूर दोनदा साफ केले, टॉर्च लावून बघितलं, खडा नाही, काच नाही. मग मी ते सगळं केलं जे आमच्यासारखी पुस्तकं वाचून घोडा पाळणारी माणसं करतात. चारी खुरांवर तळहात ठेवून कुठलं गरम आहे ते बघितलं. पुढच्या डाव्या खुराला हात लावला तर मला ते कोमट वाटलं. खुराच्या वरच्या सांध्याला मागच्या बाजूनं दोन बोटं लावली की नाडी लागते, निरोगी पायात ती इतकी बारीक असते की शोधावी लागते आणि खुरात काही बिघडलं असेल तर ती बोटाखाली ठणठण उडते. ती मी इतका वेळ शोधली की शेवटी माझ्याच बोटांतले ठोके मला ऐकू यायला लागले. चालवताना मान बघितली. डावा पुढचा पाय टेकला की तिची मान किंचित, अगदी किंचित खाली जात होती. सापडलं! डाव्या पायावर कोसळतेय बिचारी. मग शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्या डाव्या पायावर पंधरा-पंधरा मिनिटं पाइपनं गार पाणी मारलं, चोळलं, मैत्रिणीनं तर शनिवारी आंबेहळदीचा लेपसुद्धा लावला. काजल डोळे अर्धे मिटून उभी. तिला तो प्रकार फार आवडला.

खोगिराच्या खोलीतल्या कपाटात दुखणं मारायच्या औषधाची पुडीही होती, मागच्या कशातली तरी उरलेली. मैत्रीण म्हणाली अर्धी देऊन बघूया का, रविवारी माझी राइड आहे. मी नको म्हटलं, कारण औषधानं पाय बरा होत नाही, फक्त बोलायचा थांबतो, आणि मग डॉक्टर आले तरी त्यांना दिसणार काय. पण खरं सांगू, मी नको म्हणाले तरी नजर दोनदा त्या कपाटाकडे गेली. कारण ती पुडी म्हणजे प्रश्न सोमवारपर्यंत पुढं ढकलायची सोय होती आणि सोमवारपर्यंत प्रश्न आपोआपही सुटू शकतो, आपल्या घरात निम्मे आजार असेच बरे झालेत.

आणि आमच्या घरात तर घोडेच होते.

मी माथेरानची. हे सांगितलं की लोक म्हणतात वा, काय मजा, आणि मी काही बोलत नाही. दस्तुरीला गाड्या थांबतात, तिथून पुढं पायी नाही तर घोडा नाही तर हातरिक्षा, हे आता ई-रिक्षा यायच्या आधीचं सांगतेय. अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, दोन घोडे, लायसन्सचे बिल्ले, एप्रिल-मे आणि दिवाळी हा सीझन, बाकी वर्ष त्यावर काढायचं. आमच्या घरात घोड्याचं दुखणं आणि घरातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी कधी नव्हत्याच. तांबड्या मातीच्या रस्त्यांवर टापेचा आवाज येत नाही, नुसता धुरळा उडतो, म्हणून रात्री बाजार शांत झाला की अण्णा घोड्याला घरामागं आणायचे, तिथं कपडे धुवायचा दगडी फरशीचा एक लांब पट्टा होता. मी दोर धरून घोडा पळवायचे आणि अण्णा पाठ करून बसायचे. घोड्याकडे पाठ, डोळे मिटलेले, बिडी विझलेली. मला वाटायचं दमलेत. खूप नंतर कळलं की डोळे उघडे असले की माणूस त्याला बघायचं असतं तेच बघतो, म्हणून.

आवाजात खोट सापडली की ते कुणाला काही बोलायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला कळायचं, कारण त्या घोड्याला हलकं गिऱ्हाईक. लहान पोरं, सडपातळ बाया, आणि तेसुद्धा जवळचे पॉइंट, लांबचे नाही. दुसऱ्या घोड्याला दुप्पट काम. डॉक्टर हा शब्द आमच्याकडे घोड्यासाठी वापरल्याचं मला आठवतच नाही. घोड्यातलं कळणारा डॉक्टर शोधायचा म्हणजे खाली उतरायचं, एक दिवस जाणार, वर त्याचे पैसे, आणि बहुतेक ठिकाणचे डॉक्टर गाई-म्हशींचे. पूर्वी असं नसणार. मुंबईत १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्राम घोडे ओढायचे, परळचं व्हेटरनरी कॉलेज १८८६ सालचं, तेव्हा एक घोडा लंगडला की ऑफिसला जाणारी माणसं खोळंबत असतील, म्हणजे घोड्याचा डॉक्टर हा तेव्हा आजच्या गॅरेजवाल्याइतका जवळचा माणूस असेल. आता घोडा एक तर रेसकोर्सवर, नाही तर वरातीत, नाही तर आमच्यासारख्यांच्या हौसेला. किंवा माथेरानला.

बादल नावाचा पांढरा घोडा होता आमचा. मी आठवीत होते तेव्हा मेच्या दुसऱ्या आठवड्यात फरशीवर त्याची टाप हलकी पडली. अण्णांनी दोन दिवस हलकं गिऱ्हाईक दिलं, मग शनिवार-रविवार आला, गर्दी अशी की दस्तुरीवर माणसं घोड्यांवरून भांडत होती, आणि ताईचं लग्न ठरलेलं होतं. बादल चालत होता. लंगडत होता असं कुणी म्हटलं नसतं. गिऱ्हाइकाला तर कळायचा प्रश्नच नव्हता, त्याचं लक्ष दरीकडे. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तो खुराचं नुसतं टोक टेकवून उभा होता, मान खाली, पोटावर घाम. चार दिवसांनी खुराच्या वरच्या कडेतून, जिथं केस सुरू होतात तिथून, पू फुटला. काळा. तो वास मला अजून येतो, कुजलेल्या नारळासारखा. त्यानंतर त्याला बरं वाटलं, पण बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक असतो, उतारावर तो पाय चोरायला लागला तो कायमचा, आणि पावसाळ्यात घोडे खाली नेरळला पाहुण्यांच्या शेतावर नेले तेव्हा तिकडूनच कुणीतरी त्याला वरातीसाठी घेऊन गेलं. पांढरा होता ना, आणि वरातीत चालायचं कितीसं. आजही बँडचा आवाज आला की मी बाल्कनीत जाते आणि नवरदेवाकडे बघत नाही, घोड्याचे पाय बघते.

यावर आमच्या घरात कधीही बोलणं झालं नाही.

तर रविवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, मी अण्णांना फोन लावला. एक्याऐंशी वर्षांचे आहेत, नेरळला भावाकडे असतात, ऐकायला कमी येतं असं सगळे म्हणतात, मला तसं कधी वाटलं नाही. म्हटलं अण्णा, घोडीचा आवाज ऐकवते, सांगा. फोन काँक्रीटजवळ धरला, मामांनी पळवली, आणि पलीकडून अण्णा, "पळव की." अहो पळवतेय! "काय ऐकू येत नाही." मग लक्षात आलं की हे मेले फोन आजूबाजूचा आवाज कचरा समजून गाळून टाकतात, टापा म्हणजे त्यांच्या लेखी गोंगाट. शेवटी रेकॉर्ड करून भाच्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं. दहा मिनिटं काही नाही. मग भाच्याच्या फोनवरून अण्णांचा फोन.

"एक टाप हलकी पडतीय," ते म्हणाले. "तीन वेळा ऐकलं."

मी म्हटलं, हो ना, डावा पुढचा आहे, त्याच्यावर मान खाली जातेय. तर पलीकडे शांतता, आणि मग ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. "अगं पोरी, मान कुठल्या पायावर टाकंल ती? चांगल्या का दुखऱ्या? तुझ्या पायात काटा असला तर तू त्याच्यावर जोर देशील का?" मला एकदम लख्ख झालं. दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, त्या पायावरचा भार कमी करायला, आणि चांगला पाय टेकला की मान खाली सोडतो. घोड्याचं साठ टक्के वजन तर पुढच्याच पायांवर असतं, मान म्हणजे त्याचा तराजूचा काटा. म्हणजे दुखत होता उजवा. मी दोन दिवस डाव्या पायाला अभिषेक करत होते. आणि तो कोमटपणा? तबेल्याच्या दारातून सकाळचं ऊन तिच्या डाव्या अंगावर येतं. एवढंच.

"नाल कधी मारलीस?" गेल्या रविवारी. "हं," अण्णा म्हणाले. "डॉक्टरला बोलव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं अण्णा, अजून एक-दोन दिवस बघू का, चालतेय तशी, खातेय. "बोलव म्हणलं ना." आवाज चढला होता. मग जरा वेळानं, उतरलेल्या आवाजात, मी काही विचारलेलंही नसताना, "मला सीझन होता. तुला काय सीझन आहे?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या काँक्रीटच्या कठड्यावर बसून राहिले. मला काय सीझन होता? तीन हजार रुपये, आणि एक खडा.

डॉक्टर सोमवारी सकाळी आले. मी आधीच सांगून टाकलं की मला नक्की माहीत नाही, आवाजावरून बोलावलंय. ते म्हणाले पळवा, दोनदा बघितलं, मग वर्तुळात पळवायला लावलं, उजवीकडे वळताना मला आंधळीलाही दिसलं असतं इतकं स्पष्ट मान वर. मग त्यांनी तो मोठ्या पकडीसारखा चिमटा काढला आणि उजव्या खुराचा तळवा कडेकडेनं इंच-इंच दाबत गेले. दाबलं, काही नाही. दाबलं, काही नाही. बाहेरच्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्यापाशी दाबल्याबरोबर काजलनं पाय हिसकावला, मामा मागं सरकले. परत दाबलं, परत हिसकावला. मग त्यांनी नालेच्या सगळ्या खिळ्यांतला तो एकच खिळा आधी काढला, हळूहळू, सरळ रेषेत, आणि मला नाकाजवळ धरून दाखवला. टोकाला ओल होती. काळपट, एक थेंबभर. कुजलेला नारळ, पण अगदी लांबून, शेजारच्या घरात फुटल्यासारखा.

तळव्याच्या कडेला एक फिकट रेघ असते, खिळा तिच्या बाहेरच राहायला हवा, बाहेर नुसतं नखासारखं मेलेलं कवच असतं आणि आत जिवंत मांस. हा खिळा तिच्या आत गेलेला नव्हता नक्की का गेलेला होता यावर डॉक्टर जरा घुटमळले, म्हणाले जवळून गेलाय, चावत होता, चप्पल चावते तसा, आणि त्या भोकातून घाण आत जायला लागली होती. नालबंदाला मी नंतर फोन केला तेव्हा तो गप्प झाला, मग म्हणाला, ताई त्या दिवशी ती हलली होती. हलली होती, खरं आहे, मीच मोबाइलवर बोलत होते आणि दोर ढिला होता. डॉक्टरांनी भोक धुतलं, पोटीस बांधलं, वरून कापूस, पट्टी, आणि त्यावर दुधाची जाड पिशवी कापून चिकटपट्टी, काजल एका पायात बूट घालून उभी. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण घोड्याला धनुर्वात लवकर धरतो आणि धरला की सहसा सोडत नाही. मी विचारलं, उशीर झाला का हो? त्यांनी हात धुतले, रुमाल शोधला, सापडला नाही, पँटला पुसले. "गुरुवारी आलो असतो तर बहुतेक मला काही सापडलं नसतं," म्हणाले. "आणि येत्या गुरुवारी आलो असतो तर तिनं पाय टेकला नसता." मग गाडीत बसताना काच खाली करून, "खडा आहे का अजून?"

आहे म्हटलं.

दहा दिवसांनी पट्टी सुटली, नाल परत बसली, या वेळेस मी दोर दोन्ही हातांनी धरला आणि फोन गाडीत ठेवला. त्या संध्याकाळी काँक्रीटवर मामांनी तिला पळवली, मी पाठ करून बसले, डोळे मिटले, ठप ठप ठप ठप. मला तरी एकसारखं वाटलं. रेकॉर्ड करून नेरळला पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ काही नाही, मग भाच्याचा मेसेज: आत्या, आजोबा म्हणतायत अजून एकदा पाठव, या वेळेस उलट्या बाजूनं पळव.